ओटिसची तोंडी परवानगी

ब्रिटा लुंडीन बाळंतपण करून घरी आली, बाळाने रडण्याचा सूर पक्का केला, आणि मग भूल देणाऱ्या डॉक्टरांचं बिल आलं. हॉस्पिटलचे पैसे विमा कंपनीने मुकाट भरले होते. पण पाठीत सुई देऊन गेलेले हे गृहस्थ कंपनीच्या यादीतले नव्हते, म्हणून त्यांचे जवळजवळ चार हजार डॉलर ब्रिटाने भरायचे होते. नवरा डेरिक लांबच्या मार्गावर ट्रक चालवायचा. त्या दिवशी तो टेक्ससमध्ये कुठेतरी होता. बिल बघून किंचाळायला घरात ब्रिटा होती आणि ऐकायला तिचं बाळ, ओटिस. ओटिसने ऐकून घेतलं आणि तोही किंचाळला.

तिने विमा कंपनीला फोन लावला. बासरीची एकच धून पुन्हापुन्हा ऐकवून झाल्यावर एक तरुण बोलायला आला.

"मॅडम, डॉक्टर आमच्या यादीत आहेत का, हे तुम्ही सुई घेण्याआधी त्यांना विचारलं होतं का?"

"मी तेव्हा पलंगाचा कठडा चावत होते!"

"म्हणजे विचारलं नव्हतं, असं लिहू?"

त्याने तेच लिहिलं. ब्रिटाने रीतसर हरकत घेतली. हरकतींचे अर्ज कंपनीत कॉम्प्युटर वाचायचा. आईच्या अर्जात बाळाचं नाव बघून त्याने सुई बाळालाच दिली असं ठरवलं आणि नवं बिल थेट ओटिसच्या नावाने धाडलं.

मिनेसोटातल्या त्या गावातली माणसं फार भली. इतकी भली, की कधीकधी त्यांना धरून हलवावंसं वाटतं. ओटिस घरी आला त्या आठवड्यात शेजारणी रोज हॉटडिश करून आणत होत्या, खाली खिमा, वर बटाट्याचे तळलेले गोळे. दारात बर्फावर भांडं ठेवायचं आणि बेल न वाजवता निघून जायचं, बाळंतिणीला त्रास नको म्हणून. ब्रिटाने ती भांडी घासून त्यांच्या दारात नेऊन ठेवली. तिनेही बेल वाजवली नाही, कारण तीही याच गावात वाढलेली. त्यानंतर सगळे एकमेकांना त्रास न देता आपापल्या घरात बसले. ब्रिटाला दिवसभर कुणाचा आवाज ऐकू यायचा नाही. एकटेपणाने तिचा जीव कासावीस व्हायचा, पण हे सांगायचं म्हणजे कुणाला तरी त्रास देणं आलं.

तिने पुन्हा फोन केला. या वेळी ओमाहाच्या ऑफिसातून लव्हर्न नावाची वयस्कर बाई बोलली.

"हे बिल ओटिसच्या नावावर आहे. त्याच्या परवानगीशिवाय मला तुमच्याशी बोलता यायचं नाही, बाई."

"अहो, ते तान्हं बाळ आहे!"

"मला कळतंय गं. पण कॉम्प्युटरच्या मते ओटिस लुंडीन हा नुकताच बाळंत झालेला मोठा माणूस आहे. आहे का तो तिथे?"

"माझ्या खांद्यावर ओकतोय."

"फोन धर त्याच्या तोंडाशी."

ओटिसने टाहो फोडला.

"तोंडी परवानगी मिळाली," लव्हर्न म्हणाली. टाइप केल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "पोरी, पोटात वारा धरलाय त्याच्या. मांडीवर पालथा घाल आणि पाठीवरून हात फिरव. आणि तू काही खाल्लंस का आज?"

ब्रिटाला एकदम रडू फुटलं. आज खाल्लंस का, हे तिला इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

कायद्याने हे बिल तुझ्यावर येऊच शकत नाही, एक पैसा भरू नकोस, असं लव्हर्नने बजावलं. स्वतःचा थेट नंबरही दिला. तेव्हापासून ओटिसची आंघोळ उरकली की ब्रिटा फोन लावायची.

"आपल्या केसचं काय झालं?"

"वरच्या साहेबांकडे आहे."

"बरं."

एवढं झालं की केस संपायची आणि गप्पा सुरू व्हायच्या. ओटिस कुशीवर वळला. लव्हर्नच्या मांजराने सोफा फाडला. लव्हर्नचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती अजून कॉफी दोघांची करते आणि उरलेली ओतून देते.

"बिल मिटलं का?" डेरिक रस्त्यातून विचारायचा.

"चालू आहे."

"कामचुकार लेकाचे!"

बर्फ वितळायला लागला तेव्हा एके दिवशी लव्हर्नच्या नंबरावर पुरुषाचा आवाज आला.

"मी इथला सुपरवायझर. मॅडम, आमचे फोन रेकॉर्ड होतात. तुमची केस नाताळच्या आधीच मिटलीये. बिल रद्द झालंय. आमच्या बाईंनी ते तुमच्यापासून लपवलं, फार वाईट वाटतं. त्यांच्याविरुद्ध तक्रार घेऊ का?"

बिल रद्द झाल्याचं ब्रिटाला ठाऊकच होतं. नाताळच्या आधी त्या भूलवाल्या डॉक्टरांच्या ऑफिसातून फोन आला होता. तिनेच ते लव्हर्नला सांगितलं नव्हतं. ती बिचारी आपल्यासाठी साहेबांशी भांडतेय आणि आपण तिला फसवतोय, या विचाराने तिला रोज अपराधी वाटायचं. आणि लव्हर्नलाही सगळं ठाऊक होतं! आता "नाही" म्हटलं तर हा माणूस केस बंद करून फोन ठेवणार, आणि "हो" म्हटलं तर लव्हर्नची नोकरी जाणार.

"तक्रार आहे," ती म्हणाली. "पण बाईंबद्दल नाही. त्यांनी काही लपवलं नाही, मला माहीत होतं सगळं. तक्रार त्या बासरीची आहे. बाळ दचकतं."

"बासरीची?"

"लेखी घ्या. या तक्रारी कोण बघतं?"

सुपरवायझरने उसासा टाकला, "त्याच बाई," म्हणाला आणि तिला थांबायला सांगितलं. बासरी वाजायला लागली. ओटिस मुळीच दचकला नाही. तो तिच्या बोटावर हिरड्या घासत पडला होता.

बासरी थांबली. पलीकडे कुणीतरी नाक पुसलं.

"तक्रार विभाग," लव्हर्न म्हणाली. "बासरीच्या केसेस फार रेंगाळतात हं, आधीच सांगून ठेवते."

"रेंगाळू दे."

"बरं. दात आला का त्याला?"