सासू बसत नाही

आखातात, गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला मूल झालं की लोक बाळ बघायला जात आणि कासमचाचा जन्माचा दाखला बघायला. दाखल्यावरचं स्पेलिंग तपासून झालं की ते बाळाकडे वळून म्हणत, "छान. बसतो." म्हणजे फॅमिली अलाउन्सच्या फॉर्मात बसतो.

चाचा रत्नागिरीकडचे, एका ऑफिसात कारकून. त्या वेळी काही कंपन्या कामगार कुणाकुणाला पोसतो ते विचारून पगारावर थोडा भत्ता देत. दर वर्षी नवा इंग्रजी फॉर्म, आणि तो भरायला सगळी बिल्डिंग चाचांकडे. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, बसणारी आणि न बसणारी. शेजारच्या मुलीला अठरा वर्षं पुरी झाली त्या दिवशी तिला जिन्यात गाठून म्हणाले, "खलास, तू गेलीस." तिची आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

मी चौथी शिकलेली. परका माणूस घरात आला की मी स्वयंपाकघराच्या दाराआड. चहासुद्धा नवऱ्याच्या हातून बाहेर जायचा. पण त्या वर्षी माझे अब्बा वारले आणि अम्मा गावी एकटी राहिली. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. आमच्या घरात तीन लेकरं, त्यामुळे तिच्या दम्याच्या औषधाला पैसे पाठवणं एखाद्या महिन्यात राहून जायचं. भत्त्यात तिचं नाव लागलं तर औषध चुकणार नव्हतं. म्हणून चाचा आमचा फॉर्म भरायला आले तेव्हा मी दाराआडून तोंड उघडलं.

चाचांनी मानही वर केली नाही. "कामगाराचे आईबाप बसतात, बेटी. सासू बसत नाही."

ते नमाजला गेले. नवरा त्यांना सोडायला खाली उतरला. फॉर्म टेबलावर होता आणि त्यात एक ओळ रिकामी होती. जागा वाया कशाला घालवायची, म्हणून मी पेनाने, वळणदार अक्षरात, मराठीत अम्माचं नाव लिहिलं. पुढे नातं लिहिलं, आई. विश्वास बसावा म्हणून खाली माझी सहीही केली. त्या इंग्रजीत ती ओळ साहेबांच्या पंगतीत बसवलेल्या माझ्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी फॉर्म द्यायचा होता. नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि चाचांना परत बोलावून आणलं. चाचांनी ओळ दोनदा वाचली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले, आणि पिशवीतून कोरा फॉर्म काढून पहिल्यापासून भरला, अम्माला सोडून. मग तिथेच स्वतःचा भरायला घेतला. घरच्यांच्या सगळ्या ओळींवर एकच तिरकी रेघ मारून त्यांनी सही केली. एवढा लवकर भरून झालेला फॉर्म मी कधी पाहिला नव्हता.

तरी माझा राग गेला नाही. पुढे ते आले की मी बिनसाखरेचा चहा पाठवायची. ते मुकाट्याने प्यायचे. गावी सुट्टीवर निघताना त्यांनी अम्माचा पत्ता मागितला. मला वाटलं, कुठला तरी कागद अडला असेल.

दीड महिन्याने अम्माचं पत्र आलं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. "तुझे चाचा येऊन गेले. औषधाच्या दुकानात सांगून ठेवलंय, आता दर महिन्याला औषध घरी येईल. माणसं लावून कौलं परतून घेतली. मी नको म्हटलं तर जेवत्या ताटावरून उठायला लागले. मला अम्मा म्हणत होते. वयाने माझ्याहून मोठेच असतील. मी आणखी एक भाकरी वाढली."