रस्ता विचारणारे गणवीर काका

गणवीर काकांना पुणे ते नळदुर्ग हा रस्ता तोंडपाठ आहे, आणि तोच रस्ता ते दर दिवाळीत किमान तीस-चाळीस माणसांना विचारतात.

तोंडपाठ म्हणजे कसा, तेही सांगतो. काका हडपसरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांची ड्रॉइंगं काढण्यात त्यांची हयात गेली. पुढे कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले आणि बोर्डांबरोबर काकांनाही मुदतीआधी निवृत्ती मिळाली. हात रिकामे राहीनात म्हणून त्यांनी ट्रेसिंग पेपरवर पुणे-नळदुर्ग रस्त्याचा नकाशा काढला. त्यात प्रत्येक पूल आहे, प्रत्येक वळण आहे, आणि ज्यांच्या सावलीत गाडी लावता येते अशी झाडंही आहेत. मी हडपसरलाच एका आयटी कंपनीत डिजिटल नकाशे तपासायचं काम करतो, तेव्हा थोड्या अधिकारवाणीने सांगतो: आमच्या कंपनीच्या नकाशात त्या वेळी झाडं सोडाच, अर्धी गावंही नव्हती.

एवढा नकाशा डिकीत गुंडाळून ठेवणारा हा माणूस मांजरी फाट्याला, म्हणजे बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीपासून जेमतेम पाऊण तासावर, गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो, सदऱ्याची बाही सारखी करतो आणि पंक्चरवाल्याला विचारतो, "सोलापूरला हाच रस्ता का जी?"

पंक्चरवाला ट्यूबवरची नजरही न काढता म्हणतो, "मागच्या साली तरी हाच व्हता. यंदा बी कुणी हलवला न्हाई."

"नाही, खात्री करून घेतलेली बरी," असं म्हणून काका परत गाडीत बसतात. चेहरा असा, की बरं झालं विचारलं, नाहीतर आज कोल्हापूरलाच पोहोचलो असतो.

'खात्री करून घेतलेली बरी' हे काकांचं आवडतं वाक्य. यवतला खात्री, चौफुल्याला खात्री, भिगवणला तर दोनदा खात्री. साध्या माणसाला पाच-सहा तास लागतात त्या रस्त्याला काकांना दहा-अकरा लागतात. नळदुर्गला पोहोचेपर्यंत किल्ल्याचा दरवाजा बंद व्हायची वेळ झालेली असते. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी तो किल्ला बहुतेक बाहेरूनच पाहिला आहे. "किल्ला कुठं पळून चाललाय?" असं ते म्हणतात. मग दिवाळीत नळदुर्गच का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "सोलापूरच्या पुढचं गाव पाहिजे होतं जी. म्हणजे सोलापुरातही रस्ता विचारता येतो."

सोसायटीतला जवळजवळ प्रत्येक पुरुष एकदा त्यांच्याबरोबर गेलेला आहे. दुसऱ्यांदा माझ्याखेरीज कुणीच गेलेलं नाही.

आता दिवाळीच का, तर काका भंडाऱ्याकडचे. त्यांच्या घरी चौदा एप्रिल असतो, बुद्ध पौर्णिमा असते, दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. दिवाळी नसते. पण कारखाना मात्र चार दिवस बंद. "सुट्टी कंपनीची, सण तुमचा," काका सांगतात, "आमच्या वाट्याला नुसते चार मोकळे दिवस. काहून वाया घालवायचे?" मग ते आणि सुमनकाकू स्कूटरवरून निघायचे. पुढे गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस सरले, काकांनी एक पांढरी छोटी गाडी घेतली, आणि स्कूटरवर यवतपर्यंत पोहोचणारी सहल नळदुर्गपर्यंत वाढली. आम्ही या सोसायटीत राहायला आलो तेव्हा काकू नव्हत्या. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. सहल मात्र चालू होती.

काकांच्या घरी दिवाळी नसली तरी फराळ मात्र सोसायटीतल्या कुणाहीपेक्षा जास्त असतो. आठ बिऱ्हाडांतून आठ डबे येतात. काका प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवतात, डबे गाडीत घालतात आणि रस्ता सांगणाऱ्याच्या हातावर मोबदला म्हणून काहीतरी ठेवतात. इथवर सगळं ठीक. पण परत आल्यावर ते निकाल सांगतात. "साठेवहिनी, तुमची चकली मोहोळला पसंत पडली. यवतला जरा मऊ वाटली म्हणाले." साठेवहिनींनी त्या यवतच्या माणसाचं नाव तीन वेळा विचारलं होतं. माझ्या आईने तर एका वर्षी अनारसे करायचं केवळ इंदापूरच्या धास्तीने टाळलं.

इंदापूरची धास्ती म्हणजे हौसाबाई. इंदापूरच्या अलीकडे जुन्या रस्त्याला पेरूची पाटी घेऊन बसणारी आणि फराळाला तोंडावर नावं ठेवणारी ही बाई. मी एकदा काकांबरोबर गेलो होतो तेव्हा तिला पाहिलं होतं. बाकीचे लोक 'सरळ' एवढा एकच शब्द बोलत. हौसाबाई मात्र पदर खोचून उभी राहिली आणि तिने टेंभुर्णीपासून सोलापूरच्या बसस्टँडपर्यंतचा रस्ता हातवारे करून सांगितला. मध्येच आपल्या नणंदेचं गावही दाखवलं, जे त्या दिशेला नव्हतंच. काका मान डोलवत ऐकत होते. आपणच काढलेल्या नकाशाविरुद्ध त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मी मागच्या सीटवर बसून घड्याळाकडे बघत होतो. तेव्हा मी तिशीतही नव्हतो, आणि घड्याळाकडे बघणं म्हणजे हुशारी अशी माझी समजूत होती.

मग एका वर्षी काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू पिकला, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. काकांची मुलगी वर्षा बंगळुरूला असते. तिने मला फोन केला.

"दादा, बाबा गाडी काढणार नाहीत एवढं बघाल?"

"किल्ली माझ्या आईने आमच्याकडे डब्यात घालून ठेवलीये," मी म्हटलं.

"हो, पण... ते आता कुठे जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. वर्षभर त्या दोन दिवसांवर काढतात. ही ट्रिप एकदा बंद पडली ना, तर बाबा पुन्हा उठायचे नाहीत हो."

मी वर गेलो. काका खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर ऑपरेशनवाल्यांचा तो हिरवा चष्मा. समोर आठ डबे तसेच पडले होते, चिठ्ठ्यांविना. मला ते बघवेना. "काका, मी चालवतो की," मी म्हणून गेलो. काका म्हणाले, "चालेल जी. पण गाडीला तिसरा गिअर जरा समजावून टाकावा लागतो."

निघायच्या सकाळी त्यांनी मागचं दार उघडलं आणि मागेच बसले. पुढे माझ्या शेजारी डबे. मला वाटलं, गाडी हातातून गेल्याचा राग आहे. त्यात मी आणखी शहाणपणा केला. माझ्याकडे नवाकोरा फोन होता, त्यात आमच्याच कंपनीचा नकाशा, आणि वाट सांगणारा बाईचा आवाज. मी तो फोन काचेपुढे लावून दिला. मला मनापासून वाटत होतं की मी काकांवर उपकार करतोय. माणसाला दर दिवाळीत चाळीस वेळा गाडीतून उतरावं लागलं, आता बसल्याजागी रस्ता कळणार!

मांजरी फाटा आला आणि गेला. पंक्चरवाल्याने आमची गाडी ओळखून हात वर केला होता, तो तसाच आरशात लहान होत गेला. यवत गेलं. चौफुला गेला. फोनमधली बाई "सरळ जा, सरळ जा" म्हणत होती आणि मागून एक शब्द येत नव्हता. भिगवणला मी चहा विचारला, तर "तुमची मर्जी जी." मी आरशात पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. जाणारं प्रत्येक गाव ते मान वळवून, दिसेनासं होईपर्यंत बघत होते.

पुढे फोनने मला नव्या बाह्यवळणावर घातलं. चौपदरी, गुळगुळीत, उंचावरचा रस्ता. दहा मिनिटं वाचली म्हणून मी खूश. आणि मागून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, काका म्हणाले, "हौसाबाई खाली राहिली."

त्या एका वाक्याने मला माझी लाज वाटली. आता ते निमूटपणे नळदुर्गला जाऊन येतील आणि पुढच्या वर्षी निघणारच नाहीत, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी फोन बंद केला आणि पुढच्या फाट्याला गाडी वळवली.

हौसाबाई पाटी आवरायच्या बेतात होती. आम्हाला बघून तिने कमरेवर हात ठेवले. "लई येळ केला साहेब. रस्ता चुकला काय?"

"चुकला," काका म्हणाले. त्या दिवशीचं ते त्यांचं पहिलं मोकळं वाक्य.

तिने रस्ता सांगितला. टेंभुर्णी, मोहोळ, नणंद, सगळं यथासांग. माझ्या आईचा अनारसा खाऊन "जाळी बरी पडलीया" असा निकालही दिला. मग तिचं लक्ष गाडीच्या उघड्या मागच्या दाराकडे गेलं.

"मागं का बसलाय? पुढं जागा हाय की."

ती माझ्याकडे वळली. "ह्यांच्या बाई तिथं बसायच्या, डावीकडं. कवा गाडीतनं खाली उतरायच्या न्हाईत. काच खाली करायची आन् तिथनंच, 'हौसाबाई, सोलापूर कुठं गं?' ह्ये साहेब ष्टेरिंग धरून मुके. इतकी वर्सं येत व्हते, पर मी ह्यांचा आवाज ऐकला न्हवता."

मी काकांकडे बघतच राहिलो. चाळीस माणसांना थांबवणारा हा माणूस मुका?

"बाई गेल्या त्या सालचं सांगते," हौसाबाई म्हणाली. "गाडी थांबली. साहेब एकलेच उतरलं, माझ्याफुडं येऊन हुभं ऱ्हायलं. त्वांडातनं शबुद फुटंना. मी म्हनलं, इचारा की. बाई काय इचारायच्या? तवा इचारलं. सोलापूरला हाच रस्ता का म्हनून." तिने पदराने पाटी झटकली. "आता बसा पुढं गुमान. त्या बाईंनी जागा काय डब्यांसाठी ठेवलीया व्हय?"

काकांनी स्वतःच्या हातांनी एकेक डबा उचलून मागे ठेवला, डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि बसले. आधी अगदी कडेला, पाहुणा बसतो तसे. मग हळूहळू टेकून.

काच खाली केली होती. रस्त्याच्या कडेने एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. मी गाडी हळू केली, कारण शेळ्या मध्ये होत्या. म्हातारा नेमका काकांच्या खिडकीशी आला, हातभर अंतरावर. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "किती आहेत?" काकांनी विचारलं. "चौदा," म्हातारा म्हणाला, आणि मग कुठली गाभण आहे, कुठली द्वाड आहे, ते सांगत गाडीबरोबर चालत राहिला. रस्त्याचा विषयच निघाला नाही.

शेळ्या मागे पडल्यावर काका म्हणाले, "मला वाटायचं, सुमनला बोलायची लय हौस. घरी आल्यावर मी चिडायचो सुद्धा. चार माणसं कमी थांबवली असती तर किल्ला बघून झाला असता, म्हणायचो." त्यांनी कोपर खिडकीत टेकवलं. "पण इथून माणसं कशी थेट खिडकीत येतात हो. न बोलून कसं चालेल? मी इतकी वर्षं उजवीकडे. मला दिसायचा नुसता समोरचा ट्रक."

मोहोळपर्यंत ते खिडकीत कोपर टेकवून बसले होते. गतिरोधक आला की मी मुद्दाम गाडी अगदी सावकाश घ्यायचो. त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षाही उशिरा पोहोचलो, आणि किल्ला अर्थातच बंद झाला होता. परत आल्यावर साठेवहिनींना चकलीचा निकाल मीच सांगितला. त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी काका आमच्याकडे आले. दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवा चष्मा गेला होता. दारातच उभे राहून, पायातल्या चपलेकडे बघत म्हणाले, "डॉक्टर अजून चालवू नका म्हणतात जी. तुम्हाला उगाच त्रास. पण जमेल का?"

मी जमेल म्हटलं.

संध्याकाळी वर्षाचा फोन आला. "दादा, यंदा तुमची सुटका! डॉक्टरांनी जूनमध्येच गाडी चालवायला परवानगी दिली. बाबा बोलले नाहीत का तुम्हाला?"

"बोलले की," मी म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो तर आठही डबे मागच्या सीटवर लागलेले होते. काका डाव्या दाराशी उभे होते. अंघोळ झालेली, सदरा इस्त्रीचा, केस चापून बसवलेले. त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली, पण माझ्याकडे बघायचं मात्र टाळलं. मीही काही न विचारता ती घेतली.