पंखा बंद करून तुफान उठविल्याची हकीकत

वाचणार मेहेरबानांसी विनंती ऐसी की, पुढील मजकूर पदरचे तिखटमीठ न लावता जैसा घडला तैसा लिहिला आहे; कोणास हसू आल्यास त्याचा जिम्मा लिहिणाराकडे नाही.

शाळेचे दुसरे मजल्यावर, जिन्याचे उजवे हाती भूगोलाची खोली. तिजवर एकोणीस वर्षे भूगोलबाईंचा अंमल. ऐसे असता खासे हेडसर यांचे मनी आले की, मोडक्या बाकांस जागा नाही, तरी नकाशे कपाटात कोंबावे आणि बाक या खोलीत भरावे. हे वर्तमान ऐकताच बाईंचे तळपायाची आग मस्तकास गेली. मग बाईंनी अर्जी गुदरली, आणि हुकूम जाहला की, मंगळवारी तपासनीस साहेबांची स्वारी येते, त्यांस खोलीचा उपयोग दाखवावा. न दिसल्यास बुधवारी बाक चढतील.

बाईंनी मसलत केली की, साहेबांस जिवंत तुफानच दाखवावे. मग काचेची उभी पेटी करविली, वारा तिरका शिरावा ऐशा फटी चारी कोपरी राखिल्या, तळी पाण्याची परात, परातीखाली ऊब राखण्यापुरती विजेची मंद शेगडी, आणि माथा उघडा. तुफानाचा कारभार ऐसा की, समुद्र खोलवर तापला म्हणजे वाफ वर चढते, आणि वर तिचे थेंब होऊन पोटातील ऊब सुटते, आणि त्या उबेने हवा आणखी चढते, आणि खाली दाब उतरतो, मग तेथे चहूकडून वारे धावतात आणि येताना नव्या वाफेची रसद आणितात. पृथ्वी फिरते म्हणून ते वळसा घेऊन येतात. पेटीत ते काम फटींचे. ऐसे तुफान जितके खाते तितके माजते, आणि माजते तितके अधिक खाते.

मंगळवारी अकरा वाजता साहेब दाखल जाहले. देह भारदस्त, कपाळी घाम. नववीची फौज श्वास रोखून बसली. पाव घटका गेली, अर्धी गेली, पेटीत वाफेचे नाव नाही. बाईंनी परातीत बोट घातले तो पाणी गारेगार!

"मामा, हे पाणी कुठलं?"

शिपाईमामा छाती फुगवून बोलिले, "कूलरचं, बाई! एवढे साहेब येणार, त्यांच्यापुढे नळाचं कसं ठेवायचं?"

बाईंनी कपाळावर हात मारिला, तरी साहेबांस समजाविले की, समुद्र गार असता तुफान ऐसेच उपाशी राहते. मग परात रिती करून स्टाफरूममधील किटलीची कुमक मागविली.

कढत पाणी पडले, आणि वाफ उठली, आणि पीळ घेत वीतभर चढली, तो हेडसरांनी साहेबांचा घाम पाहून पंख्याचे बटण दाबिले. तत्क्षणी तुफानाचे मुंडके उडाले. मामांनी पंखा बंद केला, तुफान उठले. हेडसरांनी लाविला, तुफान पडले. ऐसे तीन वेळा जाहले. नववीत खसखस पिकली. बाईंचे डोळे भरून आले, कारण पाणी निवत चालले, किटली रिकामी जाहली आणि बुधवार उद्यावर आला.

मग बाईंनी भीडभाड सोडिली. "साहेब, समुद्रावरही हेच होतं. खाली कितीही ऊब असू दे, वर आडवा जोराचा वारा सुटला की वादळाचा माथा मोडतो. त्याला वाढायचं असेल, तर वर शांत हवं."

साहेबांनी हेडसरांकडे बराच वेळ पाहिले. मग फर्मान सुटले की, बटणास कोणी हात लावू नये, खिडक्याही मिटाव्या. खाशा साहेबांनी कोट उतरविला, बाह्या सरसाविल्या, आणि खास त्यांजसाठी आलेला वाफाळता चहा उचलून परातीत रिता केला. हेडसरांनी आ वासला तो तैसाच राहिला.

वाफ उठली. वळली. हातभर चढली, आणि मधोमध पोकळ जाहली.

"बाई, डोळा!" मागील बाकावरील मुलगी ओरडली, आणि सारी नववी पेटीभोवती गोळा जाहली, त्यांत साहेब सर्वांपुढे. बाई मात्र जागीच उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षे फळ्यावर खडूने काढिलेला तुफानाचा डोळा त्यांस आज प्रथम फिरताना दिसला.

ऐसी फत्ते जाहली. साहेबांनी शेऱ्यात लिहिले की, खोली भूगोलाकडेच राहावी आणि पंख्याचे बटण भूगोलबाईंचे हुकुमात असावे. मोडके बाक बुधवारी हेडसरांचे दालनी रुजू जाहले. तेथील पंखा उत्तम चालतो.