फुटल्याची तारीख

तेरखेड्याच्या गोरोबाच्या मेंदूत एक फुगा होता आणि तो अद्याप फुटलेला नव्हता, एवढीच काय ती त्याच्या कागदपत्रांत त्रुटी होती.

सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं होतं. रक्तवाहिनी एका जागी फुगलीय. फुटायच्या आत कवटी उघडून तिला चिमटा लावला की माणूस वाचतो. "तोवर यांना ताण देऊ नका." म्हणून बायको कस्तुराबाई त्याला घेऊन जिल्ह्याला, सरकारी योजनेच्या कक्षात गेली.

कक्षप्रमुख महारुद्र साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. "फुटलेली रक्तवाहिनी मंजूर आहे. न फुटलेली यादीत नाही. फुटल्यावर या, लगेच करू."

गोरोबाची हयात फटाक्यांच्या कारखान्यात गेलेली. "साहेब, वात पेटून न उडालेला बार लई वंगाळ. आमी आधी त्येच्यावर पाणी वततो."

"उत्तम. तसं लेखी द्या."

लेखी दिलं. विशेष बाब म्हणून प्रस्ताव गेला आणि 'फुटल्याची तारीख' हा रकाना कोरा म्हणून परत आला. अंदाजे तारीख चालेल, पण डॉक्टरांच्या सहीनं. डॉक्टरांनी हात जोडले. मग 'रुग्ण अद्याप फुटलेला नाही' असा ग्रामपंचायतीचा दाखला लागू लागला, दर गुरुवारी ताजा, रुग्णासह. कक्ष तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जिन्यात फलक होता: ताण टाळा.

नवरा एकेक पायरी चढायचा आणि कस्तुराबाईचा जीव खालीवर व्हायचा. एकदा ती बोललीच, "साहेब, माझा धनी गेल्यावर तुमची मंजुरी काय पाट्यावर वाटू?"

"बाई, शासन तुमच्या पाठीशी आहे. फक्त ते फुटू द्या."

पाचव्या गुरुवारी दुसऱ्या मजल्यावर गोरोबा डोकं धरून खाली बसला. साहेब स्वतः धावत आले, घड्याळ पाहून त्यांनी रकाना भरला. नऊ मिनिटांत मंजुरी! सोलापूर येईपर्यंत गोरोबाला शस्त्रक्रियेची गरज उरली नव्हती.

भेटायला येणारा जो तो हळहळे, "लई उशीर केला बघा. आधीच दाखवाया पायजे होतं." पहिले दोन दिवस कस्तुराबाई पिशवीतून पाचही दाखले काढून दाखवायची. आता नुसती मान हलवते. तुम्हीही परवा कुणाच्या तरी ओसरीवर बसून हेच म्हणालात, आणि पिशवीत काय आहे ते न विचारताच उठलात.