बसमेंट

आमच्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. आत देऊळ नाही, कुणाचं घरही नाही. बिल्डरनं अर्धवट सोडून दिलेलं तळघर आहे ते. भिंतींना गिलावा नाही, खाली फरशी नाही, खांबांतून सळया बाहेर आलेल्या. पण लिंबाजीराव उताराच्या तोंडाशी उभे असतात आणि येणाऱ्याच्या पायांकडे बघतात. बघतच राहतात. माणूस मुकाट्यानं चपला काढतो.

लिंबाजीराव पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. मूळचे पैठणकडचे, तहसील कचेरीतून रिटायर झालेले. पुंडलिकनगरात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी ‘बेसमेंट’ हा शब्द काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. ते ‘बसमेंट’ म्हणतात. मी एकदा सुधारायला गेलो.

“बेसमेंट हो, काका.”

“तेच म्हणलो की. बसायची जागा, म्हणून बसमेंट.”



सकाळी उठले की खराटा. मग ओल पुसायला गोणपाट. पुसायचं, बादलीत पिळायचं, पुन्हा पुसायचं. सळया कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून प्रत्येक टोकावर नारळाची करवंटी चढवलेली. भिंतीला चुना मारला की थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे सुटून खाली पडतात. हा गृहस्थ ते झाडून घेतो आणि पुन्हा चुना कालवतो. मी एकदा माझा मोडका कूलर गुपचूप खाली नेऊन ठेवला. संध्याकाळी तो परत माझ्या दारात, तोही लख्ख पुसलेला. बायको म्हणाली, “चला, निदान स्वच्छ तरी झाला.”

आणि भेटेल त्याला एकच प्रश्न : “आज जरा कोरडं हाय, नाय का?”

सगळे ‘व्हय, व्हय’ करून सटकतात. मला खोटं बोलवत नाही, शिवाय स्वभाव तिरका. मी दर वेळी सांगायचो, “नाही काका, ओलं आहे.” ते भिंतीवरून हात फिरवायचे, तो पायजम्याला पुसायचे आणि म्हणायचे, “उद्या सुकतंय बगा.”

ते सुकणार नव्हतं. आमच्या शहराचं आणि पाण्याचं काय नातं आहे, ते मी वेगळं सांगायला नको. नळाला पाणी येतं ते मनात येईल तेव्हा, आणि भांडी लावेपर्यंत जातं. वर नळ ठणठणीत कोरडे आणि खाली भिंतीतून पाझर! असल्या कामाला हात घालणाऱ्याची कीव करावी की त्याच्यावर चिडावं, तेच कळेना. औरंगपुऱ्यातून त्यांनी एक प्लंबर आणला. त्यानं ओल्या भिंतीवर बोट फिरवलं आणि हात झटकले.

“कायकू पोछते चाचा? ये पानी जमीन का है, किसी का सुनता नै.”

चाचांनीही त्याचं ऐकलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते द्वारकाबाई, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून. मुलगी लांब सासरी. माणूस एकटा पडला की काहीतरी धरून बसतो, तसंच हेही असेल, असं आम्ही समजलो. मग एक दिवस ते दारोदार सांगत आले, “रविवारी हिचं वर्षश्राद्ध. बसमेंटातच ठेवलंय. जेवाया तर याच, पण आधी जरा बसाया या.” त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. रविवारपर्यंत बसमेंट कोरडं करायचं होतं.

आणि रविवारी ते खरोखर कोरडं होतं! कसं, ते मला विचारू नका. गुलमंडीवरून आणलेल्या नव्या सतरंज्या अंथरल्या होत्या. खुर्चीवर द्वारकाबाईंचा हार घातलेला फोटो. करवंट्यांच्या मधोमध अख्खी बिल्डिंग अनवाणी, मांडी घालून बसली होती. बायका द्वारकाबाईंच्या हातच्या धपाट्यांच्या आठवणी काढत होत्या. लिंबाजीराव एका खांबाला टेकून नुसते माणसांकडे बघत होते. त्यांचा चेहरा इतका सुखी मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, “पाणी आलं!”

मी कुणाला दोष देत नाही. या गावात ती हाक ऐकल्यावर कुणालाही थांबता येत नाही. माणसं उठली, कुणी घाईत लिंबाजीरावांना हात जोडले, कुणी तेही विसरलं. उतारावर चपलांची झुंबड उडाली आणि बघता बघता सगळं रिकामं झालं; मी तेवढा मागे राहिलो. सगळे आपापली पिंपं भरायच्या नादात. बिल्डिंगचा हौद बसमेंटच्या भिंतीपलीकडेच आहे; त्याचा कॉक बंद करायला कुणी गेलंच नाही. हौद भरून वाहिला, भिंतीवरून पाणी ओघळलं आणि सतरंजीखाली शिरलं.

लिंबाजीरावांनी गोणपाट उचललं नाही. फोटोशेजारी तसेच खाली बसले.

“ही गेली तवा घरात बसाया जागाच नव्हती हो,” ते म्हणाले. “मानसं आली, जिन्यातूनच हात जोडून गेली. घडीभर कुणी टेकलं नाय. हिला मानसं लई लागायची. आलेलं मानूस उभ्या उभ्या जाऊ देऊ नका म्हणायची.”

  वरून आमच्या बायकोचा आवाज आला, “अहो, येताय ना? जाईल पाणी!”

“जावा तुमी बी,” लिंबाजीराव म्हणाले. मग सतरंजीवर हात ठेवून, पहिल्यांदाच, “बसू नका इथं. वल्लं हाय.”

“नाही काका, कोरडं आहे,” मी म्हणालो, आणि मांडी घालून बसलो.