शकूच्या डब्यांची घंटा

माझी धाकटी जाऊ शकू माझ्याकडे चहा पिते आणि कप खाली ठेवताना गुण देते. "पाचापैकी साडेतीन. आलं कमी. फीडबॅक आहे जाऊबाई, राग मानू नका." मी राग मानते. वारज्यात आमची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे हे रोजचंच.

शकू डबे देते. मीही पूर्वी द्यायचे, आणि माझ्या पोळ्या जास्त मऊ होत्या, भावकीत कोणालाही विचारा. पण मी चौथीत शाळा सोडली, तिनं सातवीत. तेवढ्या जोरावर तिनं साठीनंतर कंपनी काढली. तिची भाची मयूरी कॉम्प्युटरवर लिहिते, शकू शेजारी भाजी निवडत सांगते. डबे करणाऱ्या बायकांसाठी सॉफ्टवेअर. आज कोणाला चतुर्थी, कोण गावाला, कोणाला कांदा चालत नाही, सगळं त्यात. लग्नाकार्यात लोक पूर्वी माझ्या पुरणपोळीची चौकशी करायचे. आता शकूभोवती घोळका असतो. "आमचं अजून पायलट चाललंय, म्हणजे नुसती चाचणी," ती नम्रपणे म्हणते. तो नम्रपणा तर मला मुळीच सहन होत नाही.

त्या सॉफ्टवेअरला एक खोड आहे. कोणाचा डबा न उघडता परत आला, की शकूच्या मोबाइलवर घंटा वाजते. मग हातातलं टाकून ती त्या माणसाला फोन करते. "का जेवला नाहीत?"

गेल्या महिन्यात पैसे गुंतवणारा एक साहेब आला. त्यानं नाही म्हटलं तर मयूरीला नोकरी धरावी लागणार होती आणि कंपनी बसणार होती. मी पोहे घेऊन गेले आणि मुद्दाम बसून राहिले. तिचं वाटोळं व्हावं असं मनात नव्हतं. थोडं अडावं, एवढंच.

अडलं. साहेब म्हणाला, "काकू, सगळं छान आहे. ती घंटा तेवढी काढा. मोठ्या धंद्यात इतके फोन कोण करणार? मशीन विचारेल."

"मशीनला माणूस जेवलो म्हणून सांगतो," शकू म्हणाली. "मला तसं खोटं सांगून बघावं त्यानं."

"मग आपलं जमणार नाही."

"नका जमवू. पोहे संपवा."

तो गेला. मयूरी रडवेली झाली. मला आतून बरं वाटत होतं, म्हणून मी मोठ्या मनानं समजवायला लागले. "अगं, एका घंटेपायी..."

"नाशकात यांचा डबा तीन दिवस तसाच परत जात होता," शकू म्हणाली. "डबेवाली धुऊन नवा भरायची."

तिचा नवरा, माझा दीर, बदलीवर तिथं एकटा खोली घेऊन राहायचा. तिथंच वारला. ते मला ठाऊक होतं. डब्याचं ती आजवर बोलली नव्हती.

तेवढ्यात घंटा वाजली. कर्वेनगरला माने म्हणून एकटे गृहस्थ राहतात, त्यांचा डबा भरलेला आला होता. फोन उचलेनात. शकूनं चपला घातल्या. रिक्षात मीही बसले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. माने जांभई देत उभे. लग्नाचं जेवून झोपले होते. शकूनं त्या मिशीवाल्या दांडग्या माणसाला असं झापलं, की समोरचं बिऱ्हाड बाहेर आलं. "कळवायला काय हात मोडले होते?" माने मान खाली घालून "चुकलं ताई" म्हणत होते आणि चांगले खूश दिसत होते.

मी जिन्यात उभी होते. माझा मुलगा रविवारी फोन करतो, मी बरी आहे म्हणते, तो ठेवतो. त्या मान्यांचा मला इतका हेवा वाटला, की शकूचा वाटायचा राहून गेला.