वाकड्या गल्लीचे घरतकाका

घरतकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी उंबरा मोजतात. आमच्याकडे आले तेव्हा मी "या, या" करत आत चहा टाकायला गेले आणि ट्रे घेऊन बाहेर येते तर हा माणूस दारात उकिडवा बसलेला. हातात लोखंडी टेप, एक डोळा मिटलेला.

"पावणेआठ इंच," ते म्हणाले. "ताई, तुमच्याकडं कुणी म्हातारं माणूस येत नसंल."

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. त्या दिवशीही आला. कारण माझ्या सासूबाई दोन वर्षं "गुडघे दुखतात गं" म्हणत आमच्याकडे यायचं टाळत होत्या आणि मी सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटले होते की त्यांना धाकट्या सुनेचाच लळा. उंबरा मात्र आम्हीच लाद्या बदलताना हौसेनं उंच करून घेतलेला, ग्रॅनाइटचा. चहाचा कप मी काकांपुढे जवळजवळ आदळलाच. रविवारी गवंडी बोलावून उंबरा कापून घेतला. सासूबाई आल्या आणि चांगल्या महिनाभर राहिल्या. त्याचाही राग मी काकांवरच काढला.

नाव धर्मा घरत. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एकटेच राहतात. मूळचे इथलेच, म्हणजे कॉलनी व्हायच्या आधी इथे जी भातशेती होती तिथले. बायको गेली, मूलबाळ नाही. कुठल्याशा सरकारी ऑफिसातून रिटायर झाले एवढंच सगळ्यांना ठाऊक. ऑफिसचा विषय काढला की ते टेप काढून जवळची एखादी वस्तू मोजायला लागतात. कॉलनीतली पोरं त्यांना पाठीमागे 'मिलीमीटर' म्हणतात. मीही म्हणते, फक्त पाठीमागे नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, मला तेवढा अधिकार आहे.

त्यांचा एकच ठरलेला प्रश्न असतो. कुठलीही नवी जागा दिसली, बाग असो की बसस्टॉप, की ते मधोमध उभे राहतात, चारी बाजूंना बघतात आणि विचारतात, "हितं माणूस थांबंल का?" आणि मग स्वतःच उत्तर देतात, "नाय थांबणार." त्यानंतर अर्धा तास तोंडाचा पट्टा.

फूटपाथ उंच केला, की काका हजर. "सतरा इंच! माणसांसाठी केलाय का घोड्यांसाठी?" कॉर्नरच्या मेडिकलवाल्यानं दुकानाच्या कट्ट्यावर लोखंडी खिळे बसवले, लोकांनी टेकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी काका एक फळी घेऊन गेले, खिळ्यांवर टाकली आणि तिच्यावर बसून पेपर वाचायला लागले. मेडिकलवाला ओरडला. काका म्हणाले, "औषध घ्यायला येतो तो आजारी असतो बाबा. त्यानं बसायचं नाय तर नाचायचं का?" फळी आठवडाभर रोज जायची आणि रोज यायची. शेवटी मेडिकलवाल्यानं वैतागून खिळे उपटले. आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की तोच तिथे पाय पसरून बसतो, निर्लज्ज.

मागच्या वर्षी आमच्या सेक्टरात नवी बाग झाली. दारात माणसाएवढी रंगीत अक्षरं, आमचं या सेक्टरवर किती प्रेम आहे ते इंग्रजीत सांगणारी. आत लोखंडी बाकडी, आणि सगळी ओळीनं भिंतीकडे तोंड करून! उद्घाटनाला नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि काका मागून ओरडले, "ओ, ही बाग नवरा-बायकोचं भांडण झाल्यावर बसायची काय?" सगळे हसले. मी नाही हसले, कारण समितीत मी होते आणि बाकड्यांचा नकाशा मीच पास केला होता. कागदावर ती अगदी सुबक दिसत होती हो! पण खरं सांगते, त्या बागेत आजही कुत्रं बसत नाही. रंगीत अक्षरांपुढे फोटो काढतात आणि जातात निघून.

सगळ्यात कहर केला तो पनवेलजवळच्या कोन गावात. माझ्या भाच्याला तिकडे, हायवेच्या बाजूला, फ्लॅट घ्यायचा होता. "काकांना नेऊ या, त्यांना कळतं," असं म्हणण्याचा मूर्खपणा मी केला. एसी ऑफिसात टेबलावर काचेखाली अख्खं संकुल मांडलेलं. छोटे टॉवर, छोटी झाडं, निळा स्विमिंग पूल. सेल्सवाला लेझरनं दाखवत होता. बघते तर काका गायब. खाली वाकून पाहिलं तर ते टेबलाशी गुडघ्यांवर बसून काचेला नाक लावून त्या खेळण्यातल्या रस्त्यावर डोळा रोखून होते.

"तू हेलिकॉप्टरातनं बघतो," ते सेल्सवाल्याला म्हणाले. "हितनं बग. माणसाच्या डोळ्यानं बग. काय दिसतं?"

"सर, कंपाउंड वॉल."

"आन पुढं?"

"सर, पुढंपण वॉलच आहे. सिक्युरिटीसाठी."

"कोथिंबीर संपली तर बाई जाणार कुठं?"

"सर, ॲप आहे ना."

काका उठले, गुडघे झटकले आणि माझ्या भाच्याला म्हणाले, "घे तू फ्लॅट. पण शेजारी कोण राहतो ते पण ॲपवरच बगायला लागंल." भाच्यानं फ्लॅट घेतला. दीड वर्ष झालं, शेजारी कोण आहेत ते त्याला अजून ठाऊक नाही. मी विचारलं तर चिडतो. आमच्या घराण्यातच आहे ते.

आता मुद्द्यावर येते, कारण माझा खरा राग पुढे आहे.

आमच्या सोसायटीमागे एक गल्ली आहे. या सगळ्या वसाहतीत रस्ते कसे पट्टीनं आखल्यासारखे सरळ. ही एकटी गल्ली सरळ येता येता मध्येच अंग चोरून बाजूला सरकते आणि पुन्हा सरळ होते. त्या वळणात एक भोकराचं झाड आहे, खाली एक मोठा काळा दगड. तिथे गावातल्या दोन-तीन बाया भाजी, वालाच्या शेंगा, सुका जवळा घेऊन बसतात. पावसाच्या तोंडावर डोंगराकडच्या कातकरणी शेवळांची रानभाजी आणतात. वळणावर गाडी हळू करावीच लागते, हळू केली की काच खाली होते, काच खाली झाली की "काय भाव?" होतं. कॉलनीतल्या निम्म्या ओळखी त्या झाडाखाली झाल्यात. ते मला आत्ता सुचतंय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की त्या वळणानं माझी नवी गाडी दोनदा घासली.

दुसऱ्यांदा घासली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही कॉलनी ज्यांनी आखली त्या सरकारी ऑफिसाला मी अर्ज लिहिला: सदर रस्ता वाकडा असून अपघातास कारणीभूत आहे, तरी तो सरळ करण्यात यावा. घरोघर जाऊन सह्या घेतल्या. काकांनी अर्ज वाचला, कागद परत दिला आणि एवढंच म्हणाले, "ताई, गाडी विका." मी म्हटलं, "काका, एका झाडासाठी अख्ख्या कॉलनीनं वाकडं चालायचं का?" इतर वेळी अर्धा तास बोलणारा माणूस दार लावून आत गेला. मला वाटलं, बरं झालं, जिरली.

महिन्याभरात ऑफिसातून एक तरुण इंजिनीअर आला, बगलेत जुन्या नकाशांची गुंडाळी. मी पुढे, मागे सोसायटीचे दहा-बारा लोक, भाजीवाल्या टोपल्या सावरून उभ्या. काका सगळ्यांच्या मागे. इंजिनीअरनं गाडीच्या बॉनेटवर दोन नकाशे पसरले.

"गंमत आहे मॅडम," तो म्हणाला. "साहेबांच्या मंजूर नकाशात रस्ता सरळ आहे. पण शाईच्या ट्रेसिंगवर, ज्याच्यावरून जागेवर खुंट्या मारल्या, त्याच्यावर बरोबर या झाडापाशी रेघ आठ मिलीमीटर सरकलीय. म्हणजे जमिनीवर चार मीटर. नकाशावर शाई फिरवणाऱ्या ट्रेसरचा हात सरकला असणार. जुन्या काळी असं व्हायचं. पेंगत असेल बिचारा."

"हात सरकला नाय," मागून आवाज आला.

काका लोकांना बाजूला सारत पुढे आले. चेहरा लालबुंद. अकरा वर्षांत मी त्यांना हजारदा चिडलेलं पाहिलंय, पण असं नाही.

"कुणाचा हात सरकला? ती रेघ बग. कुटं थरथरलीय? शाई कुटं फुटलीय? हात सरकलेली रेघ अशी असती? मी मारलीय ती. सरकवून मारलीय. धर्मा घरत, ट्रेसर. लिही नाव."

इंजिनीअरनं माझ्याकडे बघितलं, मग हळू आवाजात म्हणाला, "काका, हे असं सगळ्यांसमोर बोलू नका. मंजूर नकाशात मुद्दाम फेरफार म्हणजे मला रिपोर्टात लिहावं लागेल."

"लिही! पण पेंगत होता असं लिहू नको."

इंजिनीअर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, झाड बघून मी 'जागेच्या परिस्थितीनुसार वळण' असा शेरा मारून फाइल बंद करणार होतो. आता कसं करू? इतक्या लोकांनी ऐकलं." आणि गेला.

मी सरळ काकांच्या दारात. "तुम्हाला गप्प बसता येत नव्हतं? वाचलं होतं ना झाड!"

"चाळीस वरसं गप्पच व्हतो," ते म्हणाले. "पण माझा हात सरकला म्हणतो तो? माझा हात?"

मग उभ्या-उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. ही गल्ली त्यांच्याच शेतातून गेलीय. जमीन घेतली त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती यांनी घेतली, त्याच ऑफिसात. साहेब पेन्सिलनं आखायचे, हे त्यावर शाई फिरवायचे. एक दिवस टेबलावर आला तो त्यांच्याच शेताचा नकाशा. बांधावर भोकर होतं, त्याखाली त्यांची आई दुपारी भाकरी खायची. शेत गेलं, तरी म्हातारी रोज जाऊन तिथेच बसायची.

"शेत वाचवायचं माझ्या हातात नव्हतं. चार मीटर व्हतं."

"मग आई खूश झाली असेल."

"आय?" काका हसले. "आय माझ्याशी बोलायचीच नाय. ज्यानं आयच्या जमिनीवर रेघा मारल्या तो पोरगा, म्हनायची. गावपण तसंच म्हनतं, अजून. झाड राहिलं तेव्हा तिनं नारळ फोडला. म्हनाली, कुनीतरी साहेब देवमाणूस हाय. रोज त्या साहेबाला आशीर्वाद द्यायची."

"अहो, मग सांगायचं ना तिला!"

"तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं, सकाळी ऑफिसला. नोकरी गेली असती, आन रस्ता सरळ झाला असता. सांगायचं कसं? ती गेली, तरी नाय सांगितलं."

मला बोलता येईना, आणि बोलता आलं नाही की मला भयंकर राग येतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, म्हटलं, माझा अर्ज मला परत द्या. कारकून म्हणाला, फाइल वर गेलीय, आता परत होत नाही. मी म्हटलं, कुठे वर, स्वर्गात? त्यानं मला दुसरा अर्ज करायला सांगितलं. मी तिथेच बसून केला: रस्ता आहे तसाच ठेवण्यात यावा. त्याच कॉलनीतल्या त्याच लोकांच्या पुन्हा सह्या आणल्या. कुणी "मॅडम, मागच्या महिन्यात तर..." म्हणालंच तर अशी नजर टाकली की पुढचं बोलणं घशातच राहिलं. कारकुनानं अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाला, बघू. हे 'बघू' म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. मी तणतणत घरी निघाले.

दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत शिरले तर काका उन्हात उभे. समोर भोकराची गार सावली, दगड रिकामा, बाया जेवायला गेलेल्या. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की अख्ख्या पनवेलला बसवायला निघालेला हा माणूस या दगडावर बसलेला मी एकदाही पाहिलेला नाही.

"उन्हात काय उभे? तिथे बसा ना."

"नको. आयची जागा हाय."

"आई जाऊन किती वर्षं झाली!"

"ऑफिसातनं येताना रोज मी हितनं जायचो," ते म्हणाले. "ती तोंड फिरवायची. बस म्हनली नाय कधी."

मला इतका राग आला! त्या म्हातारीचा, त्या देवमाणूस साहेबाचा, ऑफिसचा, माझ्या गाडीचा आणि सगळ्यात जास्त त्या पहिल्या अर्जावरच्या माझ्या सहीचा. मी काकांचा दंड धरला आणि त्यांना रस्ता ओलांडून त्या दगडापाशी नेलं.

"बसा."

"ताई..."

"बसा म्हणते ना!"

ते बसले. अगदी कडेला, कुणाच्या परक्या घरी बसावं तसे. मीही शेजारी बसले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही, पण ते उन्हामुळे.

तेवढ्यात एक गाडी जोरात आली, वळणाशी कचकन ब्रेक लागला. आतल्या माणसानं काच खाली केली आणि ओरडला, "कुठल्या गाढवानं काढलाय हो हा रस्ता?"

मी पदर खोचून उठणारच होते, पण काकांनी मला हातानं थांबवलं.

"मी," ते म्हणाले. "माझ्या आयसाठी."